उत्तरासाठी सोडलेली जागा

एक खालचा जबडा. प्लास्टरचा, पांढरा, अजून ओलसर. त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: बँकवाले काका.

*

दुकान बंद आहे. पाऊस येतोय, छत्री घे. तुझा भाऊ कुठे आहे? माझ्या भावाला घोडे आवडतात.

*

बस थांब्यावर एक परदेशी बाई नकाशा घेऊन उभी होती. तिनं आपल्या भाषेत शेजारच्या गृहस्थाला विचारलं, ही बस नदीपलीकडे जाते का. गृहस्थ चमकले, मग खुलले. त्यांनी तोंडापुढे मूठ धरली, अगदी हलकं खोकले, आणि तिच्याच भाषेत म्हणाले, "हो, जाते." बाईनं आभार मानले आणि दोन पावलं मागे सरकली.

*

कला व मानव्यविद्या शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक परकीय भाषा उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे. तोंडी परीक्षा सक्तीची. तीन संधी. त्यानंतर पदवी रोखून ठेवण्यात येईल.

*

"हिच्यासमोर तेवढं खोकू नका हो," आत्या पाहुण्यांना सांगायची. "बोलता बोलता बंद पडते. रेडिओचा कान पिळल्यासारखी."

*

टेबलाला वरून पॉलिश असतं. खालून नसतं. खालून लाकूड खरखरीत असतं, त्याला जुन्या गोंदाचा वास येतो, आणि एखाद्या खिळ्याचं टोक बाहेर आलेलं असतं.

*

इतिहासाच्या त्या मुलीला कॉलेजात मौनीबाबा म्हणायचे, पुढे आळसानं नुसतंच मौनी. नाव पोपटनं ठेवलं होतं. पोपट चित्रकलेचा. त्याचं नाव दुसऱ्या कुणी ठेवलं होतं, कारण एकदा ऐकलेलं वाक्य तो चढउतारांसकट परत म्हणून दाखवायचा, अर्थ कळो न कळो. दोघं परक्या भाषेच्या वर्गात मागच्या बाकावर बसत.

एरवी मौनी बोलायची. चांगली भांडायचीसुद्धा. भाषेच्या लेखी पेपरात तर ती वर्गात पहिली आली होती. पण तोंडी परीक्षेला बसली की ओठ शिवल्यासारखी गप्प. एकदा झालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, घाबरली असेल. दुसऱ्यांदा झालं, तेव्हा नाव पडलं. आता तिसरी संधी उरली होती, आणि ती शेवटची. शहरातल्या संग्रहालयानं तिला नोकरी देऊ केली होती, जुन्या वस्तूंच्या दालनात. पण पदवीचा कागद हातात आल्यावरच. कागद भाषेवर अडला होता आणि भाषा तोंडावर.

बाकीच्यांना ही भाषा म्हणजे लांबच्या नात्यातला पाहुणा. आला की हसायचं, गेला की चादर झटकायची. तत्त्वज्ञानवाले, संगीतवाले, नाटकवाले, सगळे वर्षभर तीच वाक्यं घोकायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे. मौनीला यातलं काहीच जमत नव्हतं. घोकणं नाही आणि विसरणंही नाही.

तोंडी परीक्षा इथे अशी होते. भाषेच्या लॅबमध्ये काचेची खोपटी आहेत. विद्यार्थी आत बसतो, हेडफोन लावतो. टेपवरचा आवाज प्रश्न विचारतो. मग टेपवर थोडी जागा मोकळी सोडलेली असते, त्या जागेत उत्तर द्यायचं. जागा संपली की आवाज पुढच्या प्रश्नाला लागतो, उत्तर आलेलं असो की नसो. बाहेरचे परीक्षक दुसरा हेडफोन लावून ऐकत असतात. सगळ्यांना तोच आवाज, तेवढीच जागा. कुणावर अन्याय नको.

तो आवाज मौनीच्या आईचा होता.

*

आई इथलीच. तीही या कॉलेजात आधी सक्ती म्हणून ही भाषा शिकली, मग त्यात अडकली, आणि शेवटी तीच शिकवायला लागली. टेपा भरून झाल्या आणि ती आजारी पडली. मौनी शाळेत जाण्याआधीच ती गेली.

घरात आईचे फोटो आहेत. एक स्वेटर आहे, कोपरावर विरलेला. आवाज नाही. बायकोचा आवाज कोण कशाला भरून ठेवतो? रोजच तर ऐकू येत असतो.

त्यामुळे जगात आईचा आवाज फक्त त्या भाषेत उरला आणि तेवढ्याच वाक्यांपुरता. दुकान बंद आहे, हे आई सांगते. छत्री घे, म्हणते. तुझं नाव काय, विचारते. तू कुठे राहतेस, तुला भूक लागली आहे का, विचारते. भावाला घोडे आवडतात असंही सांगते, आणि आईला भाऊच नव्हता. मुलीला मारलेली हाक त्या टेपांत कुठेच नाही. आई आपलं नाव कसं घ्यायची, शेवटचं अक्षर लांबवायची का तोडायची, हे मौनीला माहीत नाही.

प्रवेश घेताना बाबा म्हणाले होते, "दुसरी कुठलीही भाषा घे."

तिनं तीच घेतली.

*

टेप सुरू होते.

(बारीक खोकला.) तुझं नाव काय?

(जागा.)

(बारीक खोकला.) तू कुठे राहतेस?

(जागा.)

खोकला म्हणण्याइतकाही तो खोकला नव्हता. दार उघडं असलं तरी आत यायच्या आधी माणूस करतो ना, तसा. प्रत्येक प्रश्नाआधी.

आणि जागा रिकामी नव्हती. पहिल्याच दिवशी मौनीच्या ते लक्षात आलं. वर्गातली बाकीची मुलं त्या जागेत आपापली उत्तरं ठोकत होती, त्यामुळे त्यांना ऐकू आलं नसेल. मौनी गप्प होती, म्हणून तिला ऐकू आलं. जागेत खुर्ची करकरायची. कपड्याची सळसळ व्हायची. भिंतीतल्या नळातून पाणी जायचं. आणि या सगळ्याच्या मागे एक श्वास, आत घेतलेला, मग थांबलेला. प्रश्न विचारलेलं माणूस उत्तराची वाट पाहतं, तेव्हा जसा थांबतो.

आई वाट पाहत होती. बोललं की ते ऐकू येणार नाही.

पण खरी गोष्ट याहून वाईट होती, आणि ती मौनीनं कुणाला सांगितली नव्हती. ती ठरवून गप्प बसत नव्हती. लेखीत पहिल्या आलेल्या मुलीला आपलं नाव सांगता येईना, हे तिला समोर दिसत असायचं, शब्द तयार असायचे, आणि जीभ टाळूला चिकटलेली. अंगात गुडघे पोटाशी घ्यावेत अशी भावना यायची. काचेच्या खोपट्यात, एवढ्या मोठ्या मुलीला.

नवव्या पाठात आई विचारते, कोण आहे तिथे? आणि त्या जागेत एक आवाज आहे. ठक्. लाकडावर काहीतरी आपटल्यासारखा. लगेच आई खोकते, पुढचा प्रश्न नसताना. सगळ्या टेपांत तेवढा एकच खोकला भलत्या ठिकाणी आलाय.

"ते काय आहे?" मौनीनं लॅबकाकांना विचारलं होतं. लॅब सांभाळणारे हे काका आईच्या वेळेपासून इथेच होते.

"कुणाचा तरी पाय लागला असेल टेबलाला," काका म्हणाले.

"कुणाचा? आत आई एकटीच होती ना?"

"मी बाहेर मशीनवर होतो, बाळ. मधे जाड पडदा. आत कोण होतं, काय होतं, मला विचारू नकोस. मला फक्त मशीनवरच्या, आवाज मोजणाऱ्या सुया दिसायच्या, हलताना."

*

"या महाविद्यालयातील उमेदवारांच्या घशाची तपासणी व्हावी," मॅडमनी वाचून दाखवलं.

वर्ग फुटला. भाषेच्या या मॅडम नव्या होत्या, त्या देशात राहून आलेल्या, कडक पण मनानं सरळ. बाहेरच्या परीक्षकांचा अभिप्राय त्यांच्या हातात होता.

"हसताय काय? मी स्वतः ऐकलंय. तुम्ही सगळे उत्तर देण्याआधी खोकता. आधी मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत. मग उन्हाळा आला. तुम्ही खोकतच होतात. मागच्या वर्षीची मुलं खोकायची. त्यांच्या आधीची खोकायची. परवा मला पोस्टात एक बाई भेटल्या, आपल्याच कॉलेजच्या, पोरं शाळेत जात असतील त्यांची. मी सहज त्या भाषेत नमस्कार केला, तर त्या खोकल्या आणि मग नमस्कार म्हणाल्या!"

"मॅडम, तो व्याकरणाचा भाग नाही का?" पोपटनं विचारलं. तो खरंच विचारत होता.

"नाही! त्या देशात कोणीही असं करत नाही. टेपवरच्या बाईंना त्या दिवशी सर्दी झाली असेल. तुम्ही त्यांची सर्दी शिकलात. पिढ्यान्‌पिढ्या."

पुन्हा हशा. पोपटनं घसा साफ करून दाखवला आणि पुढच्या बाकावरच्या संगीतवालीनं त्याला दाद दिली.

मौनी बाकावर बोटं दाबून बसली होती. कॉलेजात आल्यापासून तिला हे ऐकू येत होतं. जिन्यात, चहाच्या खिडकीपाशी, ग्रंथालयाच्या रांगेत कुणीतरी पाठांतर करत असायचं आणि पाठीमागून आई खोकायची. ती वळून पाही. दाढीवाला मुलगा. ढोलवादक. कुणाची तरी मोठी बहीण. आई गावभर थोडी थोडी सांडली होती, आणि ज्यांच्यावर सांडली त्यांना पत्ताच नव्हता.

"तेव्हा यंदापासून खोकल्याचे गुण कापले जाणार," मॅडम म्हणाल्या. "आणि टेपा मी साफ करून घेतल्या आहेत. या सत्रापुरत्या जुन्या-नव्या दोन्ही चालतील, ज्याला जी हवी ती. पुढच्या सत्रापासून फक्त नव्या."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मौनीला थांबवलं. "तुझी शेवटची संधी आहे. तू नवी घे. त्यातला आवाज स्वच्छ आहे. कदाचित तुझी अडचण तेवढीच असेल."

मॅडमना आवाज कुणाचा ते माहीत नव्हतं. मौनीनं सांगितलं नाही.

*

बाबा कवळ्या करतात. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, बाबा त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततात, आणि जबड्यांवर दात बसवतात. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं काम. फळ्यांवर जबडे, वरचे, खालचे, काही जोडीनं, काही एकटे. लहानपणी मौनीच्या मैत्रिणी एकदाच यायच्या, परत येत नसत.

"बाबा, एकदा चला ना लॅबमध्ये. एकच टेप ऐका."

बाबा घासण्याच्या मशीनवर एक दाढ धरून होते. "कशाला?"

"आईचा आवाज आहे."

"ती माझ्याशी त्या भाषेत कधी बोलली नाही," बाबा म्हणाले. "ती टेपवरची बाई मला ओळखत नाही गं. मी जाऊन काय करू? तिला म्हणू, छत्री आणली?"

आतून आत्या बाहेर आली. बाबांची थोरली बहीण. मौनीला तिनंच वाढवलं. "आणि हिला तरी काय मिळतं तिथे जाऊन? नापास होऊन येते. संग्रहालयवाले काय वाट पाहत बसणार आहेत? ते दुसरी ठेवतील, बोलणारी."

"मी बोलते, आत्या."

"बोलतेस की! मलाच उलटून बोलतेस. तिथे दातखीळ बसते." आत्या हसली. "लहानपणी बरं होतं. कितीही रडत असली तरी मी नुसतं खोकायचं, की चिडीचूप. शेजारीण विचारायची, काय औषध देता? मी म्हणायचे, खोकल्याचं!"

बाबांनी मशीन बंद केलं. खोलीत एकदम फार जबडे आहेत असं वाटलं.

"आत्या, मला असं कुणी शिकवलं?" मौनी म्हणाली.

"शिकवायला कशाला हवं? माझ्या हाती आलीस ती तशीच आलीस."

बाबांनी दाढ उजेडात धरून पाहिली. "नवी कवळी बसवली ना, की माणसाला स्वतःचा आवाज परका लागतो," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "मी सांगतो त्यांना, घरी मोठ्यानं पेपर वाचा. तोंडाला सवय होते. होते हळूहळू."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

*

पोपटनं धडाच मांडला. कॉलेजच्या मागच्या जिन्यात, दुपारी, कोणी नसताना.

"हे बघ, मी टेप. तू परीक्षार्थी. घाबरायचं नाही. टेपला कोण घाबरतं?"

"हं."

त्यानं खोकून घेतलं. हुबेहूब. मग चढउतारांसकट विचारलं, "तुझं नाव काय?"

मौनीनं कठडा धरला. कठड्याचं लोखंड गार लागत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"अगं नाव! स्वतःचं! आठवत नसेल तर माझं सांग."

तिनं मान हलवली.

"बरं. टेप बिघडली. परत." या वेळी पोपट खोकला नाही, डबा उघडून खात होता, तोंड भरलेलं होतं. भरल्या तोंडानंच म्हणाला, "तुझं नाव काय?"

मौनीनं सांगितलं. त्या भाषेत, पूर्ण वाक्यात.

पोपटनं घास तसाच गालात ठेवून पुढचं विचारलं.

"तू कुठे राहतेस?"

तिनं सांगितलं. नदीकडच्या रस्त्यावर, दातांच्या घरात.

"तुला भूक लागली आहे का?"

"हो. आणि तू सगळं खाल्लंस."

पोपट ओरडलाच. "आयला! मौनीबाबा बोलले! म्हणजे नुसता खोकला आडवा येतोय तुला! मग नवी टेप घे ना, राणी. त्यात खोकलाच नाही. घे आणि हो पास."

मग त्याला गंमत सुचली. तो उठला, अंगावर शाल ओढल्यासारखं केलं, मूठ तोंडाशी नेली आणि टेपच्या आवाजात खोकला. मौनीचं हसणं अर्ध्यात तुटलं. तिच्याकडे बघून पोपटनं मूठ खाली घेतली.

"मौने, कोण आहे गं ती बाई?"

मौनीनं सांगितलं. "माझी आई."

पोपट जिन्यावर बसला. उघड्या डब्याला त्यानं झाकण लावलं.

*

तिनं नवी टेप ऐकली. मॅडमनी सांगितलं म्हणून, पोपटनं सांगितलं म्हणून, आत्याचं म्हणणं खरं होतं म्हणून.

तुझं नाव काय?

तू कुठे राहतेस?

खोकला गेला होता. खरखर गेली होती. आवाज आईचाच, पण विमानतळावरच्या सूचनेसारखा, सगळ्यांसाठी एकदम. मौनी उत्तरं देत गेली. पटापट. एकही चुकलं नाही. तिचा आवाज खोपट्याच्या काचेला लागून परत येत होता.

अर्ध्यात ती थांबली आणि मुद्दाम एक जागा रिकामी सोडली.

खुर्ची नव्हती. नळ नव्हता. श्वास नव्हता. काही नाही, म्हणजे काहीच नाही. प्रश्न विचारून ती बाई निघून गेली होती. तिथे कुणी वाट पाहत नव्हतं.

तिनं नववा पाठ लावला. कोण आहे तिथे? आणि पुढे गुळगुळीत शांतता. ठक् नाही.

लॅबकाका काचेपलीकडून अंगठा दाखवत होते: छान! बोललीस!

मौनी हेडफोन न काढता बसून राहिली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला भीती वाटत होती, आणि भीती आईची नव्हती. असं वाटत होतं की कुणीतरी लहान त्या जागेत होतं आणि ते पुसलं गेलंय.

*

परीक्षेचा दिवस. सकाळ. बाहेर बाकावर सगळे खोकला गिळण्याचा सराव करत होते. संगीतवाली पाणी पीत होती. ढोलवाला लवंग चघळत होता. मॅडम फेऱ्या मारत होत्या, "घसा नाही! घसा नाही!"

परीक्षक म्हातारे होते, मफलर गुंडाळलेले. स्वतः सारखे खोकत होते, पण ते खरोखरीचं.

पोपट आत गेला आणि बाहेर आला. "एकदाच सुटला," तो म्हणाला. "शेवटी 'धन्यवाद'च्या आधी. सवय गं. जाते का." मग हळूच म्हणाला, "नवी घे हं. शहाणपणा करू नकोस. ऐकायची ती घरी ऐक. काका जुन्या टेपा तुलाच देणारेत, मी बोललोय त्यांच्याशी. आज फक्त पास हो."

त्याचं बरोबर होतं. मौनीला ते पटलं होतं. नवी घ्यायची ठरवूनच ती खोपट्यात बसली.

"जुनी की नवी?" काकांनी विचारलं.

आई इतकी वर्षं विचारत होती. गावातल्या प्रत्येकानं तिला उत्तर दिलं होतं, दाढीवाल्यानं, ढोलवाल्यानं, पोस्टातल्या बाईंनी. एकाच मुलीनं दिलं नव्हतं.

"जुनी," मौनी म्हणाली.

काचेपलीकडे मॅडमनी कपाळाला हात लावला.

(खोकला.) तुझं नाव काय?

जीभ टाळूला. खुर्ची करकरली. श्वास आत गेला आणि थांबला.

(खोकला.) तू कुठे राहतेस?

गुडघे एकमेकांना टेकले. परीक्षकांची पेन्सिल हलली. निम्म्या जागा भरल्या की पास, एवढंच लागत होतं. पण एकेक जागा येत होती आणि रिकामी जात होती. तुला भूक लागली आहे का? रिकामी. पाऊस येतोय, तू काय घेशील? रिकामी. दारातल्या फटीतून पोपटचा डोळा दिसत होता. मौनीला गोंदाचा वास आला. लॅबमध्ये गोंद कुठेच नव्हता.

(खोकला.) कोण आहे तिथे?

श्वास. सळसळ. आणि मग, कुठूनतरी खालून, ठक्.

टेपवर आई खोकायच्या आधी मौनी खोकली. तोंडापुढे मूठ धरून, बारीक, दारातून आत यायच्या आधी करावं तसं. तिचा आणि आईचा खोकला एकावर एक पडला. परीक्षकांनी वर पाहिलं.

"मी," मौनी म्हणाली. त्या भाषेत. "मी आहे. इथेच आहे."

ती थांबली. एखाद्यानं हाक मारल्यावर ओ दिली की माणूस थांबतं, तशी.

(खोकला.) दुकान बंद आहे का?

आई पुढच्या वाक्याला लागली होती.

मौनीनं उत्तर दिलं. हो, दुकान बंद आहे. मग भावाबद्दल दिलं, घोड्यांबद्दल दिलं, प्रत्येक उत्तराआधी खोकून. जागा तिच्या आवाजानं भरत गेल्या. खुर्ची आता ऐकू येत नव्हती, नळ ऐकू येत नव्हता. बोलताना ऐकू येत नाही. हे तिला आधीपासून माहीत होतं, तरी ती शेवटच्या प्रश्नापर्यंत बोलत राहिली.

परीक्षकांनी हेडफोन काढला. "घशाचं काहीतरी पाहा," ते म्हणाले. "गुण कापावे लागलेत. पण जेमतेम झालीस." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या टेपवरच्या बाई फार छान वाट पाहतात. हयात आहेत का?"

"नाही," मौनी म्हणाली.

*

संध्याकाळी बाबांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "झालं?"

"झालं."

"काय विचारलं?"

"नेहमीचंच. दुकान, छत्री." मग म्हणाली, "कोण आहे तिथे, असं विचारलं."

मशीन थांबलं. बाबा फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिले. प्लास्टरची भुकटी हवेत तरंगत होती. ती आत्याच्या घशात गेली आणि आत्या खोकली.

"मी म्हटलं, मी आहे," मौनी सांगत होती, "तर परीक्षक एवढे डोळे करून बघायला लागले, आणि बाहेर पोपट दाराला असा चिकटला होता की दार उघडल्यावर तो आतच पडला, मॅडमच्या पायाशी..."

आत्या तिच्याकडे पाहत होती. मग तिनं पुन्हा एकदा खोकून पाहिलं, मुद्दाम.

मौनी बोलत होती.

*

टेपा भरल्या त्या आठवड्यात पाळणाघराला सुट्टी होती. मुलगी टेबलाखाली बसायची, आणि आई खोकली की आवाज करायचा नाही, असं दोघींचं ठरलेलं होतं.